लांबडीच्या अकरा पेट्या

दादा, आधीच सांगून ठेवते, हे मी रडत लिहीत नाहीये. चिडून लिहून राहिले. तुला जाऊन महिना व्हायचाय आणि भांडायला मला अजून तेवढाच जोर येतो. समाचाराला येणारे म्हणतात, "मास्तरीणबाई, धीर धरा." काय धीर धरू बाप्पा? वर्षभर धीरच धरून बसले होते, तू आधी बोलशील म्हणून.

वर्षाला आठ दिवस कमी. मागच्या राखीपासून आपण दोघं एक शब्द बोललो नाही, आणि यंदाच्या राखीला आठ दिवस असताना तू गेलास. राखी तुझ्या सुतकात गेली. त्या आठवड्यात शाळेत पोरं कोपरापर्यंत राख्या बांधून आली, वर्गात गोंधळ घातला, मी कोणावर ओरडले नाही. त्यांनाच नवल वाटलं.

मागच्या राखीचं तुला आठवत असेलच. मी सौंसरहून सकाळच्या बसने पांढुर्ण्याला आले. ओवाळलं, तू ताटात नोट ठेवलीस आणि दोन घास खाऊन सरळ शेडमध्ये गेलास, त्या गाडीखाली. मी दारात उभी राहून विचारलं, "दादा, बहीण मोठी का लांबडी मोठी?" तू खालूनच म्हणालास, "बहीण वर्षातून चारदा येते, कुंदे. हे तं रोज घरी रायते." गंमत केलीस. आज कळतं. तेव्हा माझं डोकं सटकलं. संत्र्याच्या पॅकिंगची अर्धी शेड त्या गाडीने अडवलेली, वहिनी बायांना घेऊन अंगणात ताडपत्रीखाली माल निवडते, आणि हा माणूस वर्षानुवर्षं खाली झोपून पाने फिरवून राहिला. मी म्हटलं, "तू मर एकदा. तेरवी झाली का चौदाव्या दिवशी हे भंगारवाल्याले किलोनं देते का नाही पाहाय."

सणाच्या दिवशी. वहिनीसमोर.

तू बाहेर आलास, हात पुसले आणि म्हणालास, "बरं." बाकी काही नाही. तू भांडला असतास तर मी थांबले असते रे. त्या "बरं"ने मला दुपारच्याच बसमध्ये बसवलं.

ज्यांनी लांबडी पाहिली नाही त्यांना सांगायला हवं. आठ सिलिंडरची अमेरिकन गाडी, दोनच दारं, आणि पुढचं तोंड एवढं लांब की गल्लीत वळवताना आधी शेजाऱ्यांना ओटे मोकळे करायला सांगावं लागे. मँगनीजच्या खाणीवर कधीकाळी कोणी गोरा इंजिनिअर होता, त्याच्यामागे ती रामाकोन्याकडच्या एका ठेकेदाराच्या अंगणात पडून होती. आत कोंबड्या अंडी घालत. तू ती आणलीस तेव्हा आईने तिच्यावरून भाकर ओवाळून टाकली आणि म्हणाली, "हे कायले आणलं रे घरात?" पण एक हंगाम चालली ती. माझी सौंसरच्या शाळेत नेमणूक झाली तेव्हा तूच मला ट्रंकेसकट तिच्यात घालून नेलंस. वाटेत तीनदा तापली, माझ्या डब्यातली भाजी पाहुण्यासारखी बाजूला ठेवून त्या डब्याने आपण तिला पाणी पाजलं. शाळेच्या फाटकाशी इंजिन असं गरजलं की हेडमास्तर धोतर सावरत बाहेर आले. पुढची पाच वर्षं मला गावात कोणी नावाने ओळखलं नाही, गाडीवाली मॅडमच म्हणत. हे तुला मी कधी सांगितलं नाही, पण मला ते फार आवडायचं.

तेरवीनंतर वहिनीने मला बाजूला घेतलं. तिचे डोळे कोरडे होते, म्हणून मला जास्त भीती वाटली. "ताई, आंबियाच्या संत्र्याची तोड दीड महिन्यावर आली. यंदा माल म्याच पाहीन. मले शेड पायजे. गाडीचं तुमीच करा, माह्याच्यानं होणार नाई." बरोबरच होतं तिचं. मी वर्षानुवर्षं तिच्याच बाजूने भांडत होते ना? मी हो म्हटलं.

आणि चौदाव्या दिवशी सकाळी फाटकात भंगारवाला उभा.

देवाशपथ, मी बोलावलं नव्हतं. कोणाकडून तरी ऐकून आला होता. गाडीभोवती फिरला, पत्र्यावर टिचकी मारली, म्हणाला, "गॅस कटर घेऊन येतो बाई, दोन तासात साफ करून देतो." माझाच शब्द पँट घालून दारात आला होता, दिवसाचीसुद्धा चूक न करता. मी त्याला असं हाकललं की शेजारची काकू ओट्यावर आली. तो जाताना म्हणाला, "मंग कोण घेईन हे?"

त्यानंतर मी एकच ठरवलं. विकायची, पण अख्खी. जो तिला उभी करेल त्याला. कापू द्यायची नाही. तुझ्यासाठी म्हणत नाही, दादा, माझ्यासाठी. ते बोलणं मला खोटं पाडायचं होतं.

शाळेतल्या एका सरांच्या ओळखीतून नागपूरचे पाठक सापडले. जुन्या गाड्या दुरुस्त करतात, फोनवर ऐकूनच त्यांचा आवाज बदलला. "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी येतो ट्रेलर घेऊन," म्हणाले. म्हटलं, नका येऊ, त्या दिवशी गोटमार असते, जाम नदीच्या दोन्ही काठांवर गोटे चालतात, तुमचा ट्रेलर गावात शिरणार नाही आणि शिरला तर काचा घेऊन परत जाणार नाही. त्यांना ते पटवायला दहा मिनिटं गेली. शेवटी एक दिवस सोडून आले.

माणूस बरा, पण कडक. पांढऱ्या दाढीचा, गुडघ्यांना कापड बांधलेलं, खाली झोपून टॉर्चने पाहत गेला आणि एकेक मोजत गेला. तळाचा पत्रा कुजलेला. दारांचे खालचे काठ गेलेले. वायरिंग उंदरांनी खाल्लेलं. "मॅडम, ही खरी मसल कार आहे, माहिती आहे ना?" मी म्हटलं, "मसल कुठी आहे बाप्पा, हिचे तं हाडं दिसून राहिले." ते हसले नाहीत.

मग उठून उभे राहिले आणि सरळ बोलले. त्यांच्याकडे नागपूरला अशीच दुसरी एक गाडी आहे, तिला दारं आणि पुढचा भाग हवाय. "हिचं मूळ इंजिन पूर्ण असेल तर मी हिला उभी करीन आणि तिचे भाग हिला लावीन. इंजिन अर्धवट असेल तर उलटं. हिला कापून तिला लावीन. ट्रेलर संध्याकाळपर्यंत आहे." कोपऱ्यात ताडपत्रीखाली इंजिनचा रिकामा ब्लॉक, नुसता सांगाडा, होता. त्याच्यावरची धूळ पुसून त्यांनी नंबर गाडीच्या कागदाशी ताडून पाहिला, जुळला. "आतलं कुठे आहे?"

मी वहिनीकडे पाहिलं, वहिनीने माझ्याकडे. तू अख्खं इंजिन खोलून पेट्यांमध्ये भरलंस एवढं तिला माहीत होतं. गाडीमागच्या फळीवर पेट्या असायच्या. फळी रिकामी होती.

वहिनीचा भाऊ तिथेच होता. तो मान खाजवत म्हणाला, "तेरवीच्या आधी शेड झाडली ना म्या. त्या पेट्यायवर आंबिया, मृग लिवलं होतं. मले वाटलं संत्र्याच्या हायेत. दिल्या थप्पीत लावून."

"जड नाही लागल्या तुला?"

"लागल्या तं. म्हटलं वजनाचे बाट असन."

काय बोलायचं आता! त्याची तरी काय चूक? आपल्या गावात पेटीवर आंबिया लिहिलं की आत संत्रंच असणार. हिवाळ्यात फुललेला बहार आंबिया, पावसाळ्याच्या तोंडी फुललेला मृग, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. इंजिनवर तसं लिहिणारा तूच एक. शेडच्या मागे रिकाम्या पेट्यांची छपराला टेकलेली थप्पी होती. पाठकांनी घड्याळ पाहिलं. मी पदर खोचला.

आम्ही चौघांनी थप्पी उतरवली. मी, वहिनी, तिचा भाऊ आणि दाढीतून घाम गाळणारे पाठक. हलकी पेटी बाजूला, हलकी पेटी बाजूला. मला दर पेटीला वाटे, ही पण हलकी निघाली तर कटर येणार. दीड तासाने वहिनी खालून ओरडली, "हे घ्या! हे हालत नाई!" सगळ्या तळाशी होत्या, सलग. अकरा.

चार आंबिया, चार मृग, प्रत्येकीवर एक ते चार नंबर. दोनवर चुरी. आणि एक कोरी, झाकण ठोकलेली. आत तुझं काम पाहून पाठक खाली बसलेच. एकेक भाग तेल लावून, कागदात गुंडाळून, गवतात निजवलेला, जसा आपण दिल्लीला जाणारा संत्र्याचा माल भरायचो. पण त्यांच्या कपाळाला आठी. "पिस्टन आठ आहेत, व्हॉल्व्ह आहेत. पण कोणता कुठला? प्रत्येकाची जागा ठरलेली असते मॅडम, घासून घासून तो त्या जागेचा झालेला असतो. हे मृग-आंबिया काय लिहून ठेवलंय यांनी? तारखा आहेत का?"

आणि मला दिसलं, दादा. मला आपली वाडी दिसली. मधून गाडीवाट, विहिरीकडे पाठ करून उभं राहिलं की डाव्या हाताची झाडं बाबा आंबियाला धरायचे, उजव्या हाताची मृगाला. एका झाडाने वर्षात एकच बहार द्यायचा. ओळी विहिरीपासून मोजायच्या, पहिली, दुसरी, तिसरी, चौथी. लहानपणी डबा घेऊन आपल्याला तसंच पाठवत, "मृगाच्या तिसऱ्या ओळीत हाये तुहा बाप."

मी म्हटलं, "या इंजिनला पाणी कोणीकडून येतं?"

"पुढून. रेडिएटर पुढे असतो."

"मग पुढे पाठ करून उभे राहा. डाव्या हाताचे चार आंबिया, उजव्या हाताचे चार मृग. पाण्याकडून मोजायचे. चुरी म्हणजे बारीक माल, नट-बोल्ट असतील." पाठकांनी एक पिस्टन उचलला, त्याच्यावरची घासल्याची खूण ब्लॉकमधल्या त्या जागेशी ताडून पाहिली, पेटीचा नंबर पाहिला. दुसरा पाहिला. मग माझ्याकडे असं पाहिलं, जणू वर्षानुवर्षं गाडीखाली मीच झोपत होते. वर्गात इतकी वर्षं गणित शिकवलं, पण असा विद्यार्थी मिळाला नाही.

मी नाव वाचत गेले, ते वहीत खूण करत गेले. दोन तास. सगळं होतं. आणि मग ते म्हणाले, "क्रँक?"

आठही पिस्टन ज्याला धरून फिरतात तो मधला दांडा. तो नाही तर काहीच नाही, असं त्यांनी सांगितलं. अकरावी पेटी उरली होती, ती कोरी. वहिनीच्या भावाने झाकण उचकटलं. आत नुसतं गवत, क्रँकच्या मापाचा खळगा केलेलं. आणि झाकणाच्या आतल्या बाजूने खडूने तुझ्या अक्षरात: "सौंसर, खराद. कुंदा आणते."

खराद म्हणजे लेथचं दुकान. आणि कुंदा म्हणजे मी.

दिवाळीनंतर वहिनीचा फोन आला होता. "ताई, हे म्हणून राहिले का खरादवाल्या सलीमभाईकडे एक सामान टाकलं हाये. तुमी येताना घेऊन येजा." मी काय म्हटलं माहीत आहे? "त्यांना सांग, मी हमाल नाही. ज्याचं सामान त्यानं न्यावं. तोंड नाही का त्यांना?" तू शेजारीच बसलेला असशील. ऐकलं असशील. आणि माझं "येताना" होतं कुठे? मी येणारच नव्हते.

"किती वाजेपर्यंत थांबता?" मी पाठकांना विचारलं. ते म्हणाले, "पाच." मी लोडिंग ऑटो बोलावला आणि ड्रायव्हरच्या शेजारी बसून निघाले. रस्ताभर त्याला दटावत होते, जरा दाब, जरा दाब, आणि तो म्हणत होता, "मॅडम, विमान थोडीच हाये." माझ्या डोक्यात एकच, की वर्षभर पडलेलं सामान कोणी ठेवतं का. विकलं असेल. दुसऱ्या कशाला वापरलं असेल. म्हणजे माझ्या एका फणकाऱ्याने तुझी गाडी कापली जाणार.

सलीमभाईंच्या खरादीपासून माझं घर दोन गल्ल्या. रोज शाळेत जाताना मी त्यांच्या दुकानावरून जाते, दादा. रोज. त्यांनी मला पाहिलं आणि मशीन बंद केली. काही न विचारता आतल्या कोपऱ्यातून पोत्यात बांधलेला क्रँक ओढत आणला. वरची धूळ पुसली. खाली चकचकीत, तेल लावलेला.

"महिन्याला तेल लावत होतो बहनजी. भाऊने सांगितलं होतं."

मी म्हटलं, "एवढे दिवस तुम्ही त्यांना फोन नाही केला का, घेऊन जा म्हणून?"

"फोन कशाला? भाऊ तर चार बार आले ना इथं." सलीमभाई बोलत होते आणि पोत्याला दोरी बांधत होते. "चहा प्यायचे, तुमच्या गल्लीकडे तोंड करून बसायचे. मी म्हणायचो, भाऊ, आलेच आहात तर घेऊन जा ना. तर म्हणायचे, नाही, न्यायला बहीण येणार आहे माझी, तिचंच काम आहे हे. मग उठून जायचे."

ड्रायव्हरने विचारलं, "चढवू का मॅडम?" मी मान हलवली असेन.

परत पांढुर्ण्यात शिरलो तेव्हा पाच वाजून गेले होते. ट्रेलर फाटकातच होता. पाठक थांबले होते. मी उतरले, पोतं धरून ओढलं, हललं नाही, आणि मी जोरात हाक मारली, "ओ दादा! ये ना लवकर, हात लाव!"

मला कळलंच नाही मी काय बोलले, वहिनीच्या तोंडाकडे पाहिलं तेव्हा कळलं. ती आली, आणि तिने पोत्याचं दुसरं टोक धरलं. आम्ही दोघींनी मिळून तो क्रँक आत नेला आणि त्या खळग्यात ठेवला. बरोबर बसला. पाठकांनी माप घेतलं, पुन्हा घेतलं, खराद कोणी केली ते विचारलं. मग वही मिटली. "पूर्ण आहे. हिला कापत नाही मॅडम. दोन वर्षं लागतील, पण ही चालेल." वहिनीने कागदांवर सह्या केल्या. लांबडी ट्रेलरवर चढताना तिचं तोंड एवढं बाहेर आलं की पुन्हा शेजाऱ्यांना ओटे मोकळे करायला लागले.

तर दादा, किलोनं नाही गेली ती. माझं बोलणं खोटं पडलं. तू ऐकायला नव्हतास, एवढंच. आज मी तुझ्या घरी आहे, वहिनीने चार दिवस राहा म्हटलं आणि मी राहिले. शेड धुवून काढली. तुझे आभार मानायचे होते. त्या ट्रंकेसकट नेण्याबद्दल, आणि वर्षभर माझं काम माझ्यासाठी ठेवून दिल्याबद्दल. ते कधी बोलले नाही, आता लिहून टाकलं.

पण राग जात नाही. चार वेळा आलास. दोन गल्ल्या होत्या रे. चहा दुकानात पिऊन, माझ्या घराकडे तोंड करून बसून, उठून निघून गेलास. मी घरातच होते. एकदा कडी वाजवली असतीस तर मी भांडलेच असते तुझ्याशी, अगदी कडकडून भांडले असते. पण दार उघडून भांडले असते, दादा.